हजेरीची वही

पुरंदर तालुका, जानेवारीचा शेवटचा आठवडा, शुक्रवार. आमच्याकडे शुक्रवार हा काढणीचा आणि पुण्याला भाजी पोचवण्याचा वार. शेत साडेतीन एकर, मुरमाड, सासऱ्यांच्या वाटणीचं. मी पूर्वी हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करायचे. नवरा अजून त्याच धंद्यात आहे, फक्त वरच्या खोलीत बसून. रविवारी फिरायला येणारी मंडळी बांधावर उभी राहून म्हणतात, "किती निवांत आहे हो इथं!" त्यांना चहा देऊन मी परत कामाला लागते. रासायनिक खत, विषारी औषध, तणनाशक आणि अडत्या या चार गोष्टी आम्ही वहीतून काढून टाकल्या. त्यांच्या जागी काय आलं, ते वेळेप्रमाणे लिहिते.

पहाटे ४:३०

थ्री-फेज लाइट काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. सध्या रात्रीची पाळी आहे: दहाला येते, सहाला जाते. लाइट आली की ऑटो स्विच मोटर चालू करतो, पण व्हॉल्व्ह फिरवायला माणूसच लागतो. कांद्याचं ठिबक बंद करून अंजिराचं चालू करायचं, फिल्टर धुवायचा, शेवटच्या लॅटरलपर्यंत दाब पोचतोय का ते बघायचं. हातात बॅटरी आणि खिशात मोठ्या आवाजात लावलेला मोबाइल. गाणं ऐकायची हौस म्हणून नव्हे, बिबट्याला चाहूल लागावी म्हणून. शेजारच्या शेतात आमचे चुलत सासरे, आबा, गव्हाला दारं धरत असतात. "सूनबाई, एकटी नको येत जाऊ. हाक मारीत जा," हे ते रोज सांगतात आणि मी रोज हो म्हणते.

पाणी विहिरीचं, पण विहीर भरते ओढ्यावरच्या बंधाऱ्यामुळे, आणि जानेवारीनंतर बंधारा भरतो पुरंदर उपसा सिंचन योजनेमुळे. हा तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. पुण्याहून वाहत आलेलं मुळा-मुठेचं पाणी कोरेगाव मूळजवळून उचलून टप्प्याटप्प्यानं इथं वर चढवतात आणि शेतकरी पैसे भरून ते घेतात. म्हणजे पुण्यात असताना मी ज्या मोरीत बादली ओतली, त्या मोरीचं पाणी आता मी विकत घेते. कधी बंधाऱ्यावर फेस दिसतो. पालेभाजीला ते पाणी आम्ही थेट लावत नाही. जमिनीतून झिरपून विहिरीत उतरलेलंच देतो. शहर सोडल्याचं मी सांगते खरं, पण नदीच्या लेखी मी फक्त जागा बदलली आहे.

६:००

धार. गोठ्यात एक खिल्लार आणि एक गीर. गिरीचं दूध घरात पुरून थोडं उरतं. खिल्लार वासराला पाजून आपल्याला जेमतेम चहापुरतं देते. हिशोबी माणसानं ती कधीच विकली असती. आम्ही ती शेणासाठी ठेवली आहे.

गोठ्यामागे दोनशे लिटरचं निळं पिंप आहे. त्यात दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. दिवसातून दोनदा काठीनं ढवळायचं, दोन-तीन दिवसांनी गाळून ठिबकातून सोडायचं. गाळणं नीट झालं नाही तर ड्रिपर तुंबतात आणि मग सुई घेऊन एकेक मोकळा करत बसावं लागतं. हे जीवामृत, एका एकराचं. विदर्भातले सुभाष पाळेकर यांनी ते घराघरांत पोचवलं, त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. २०१९ साली राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीच्या शास्त्रज्ञांनी याच पद्धतीबद्दल सरकारकडे जोरदार शंका मांडली.

मी दोन्ही बाजूंचं वाचलं आणि मग कागदावर आकडे मांडले. ताज्या शेणात नत्र अर्धा टक्का धरलं तर दहा किलोत पन्नास ग्रॅम. बेसनातलं आणि गोमूत्रातलं मिळवलं तरी सगळं जातं पाव किलोच्या आसपास. युरियाची ४५ किलोची गोणी पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते आणि तिच्यात नत्र २० किलोंहून जास्त. पिंपानं गोणीची बरोबरी होत नाही, हे उघड आहे. पाळेकरांचं म्हणणं असं की हे खत नव्हेच, जमिनीतले जीव वाढवणारं विरजण आहे. ते मानलं तरी पिकाला नत्र कुठून तरी यायलाच हवं. आमच्याकडे ते येतं तागातून, चवळीतून, तुरीतून, पाला-पाचोळ्याच्या आच्छादनातून. ताग जूनमध्ये पेरायचा आणि फुलावर आला की गाडायचा. तेवढा दीड महिना त्या वाफ्यातून एक रुपया येत नाही. गोणी फोडून फेकायला एक सकाळ पुरते; ताग जमिनीचा दीड महिना मागतो.

७:००

सूर्य वर यायच्या आत अंजिरं काढायची. खट्टा बहार आता शेवटाला आलाय, मीठा बहार मार्चमध्ये सुरू होईल. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनानं फळ टिकत नाही. आज झाडावर पिकलेलं आज नाही तर उद्या खाल्लंच पाहिजे. देठाचा चीक हाताला लागला की कातडी जळते, म्हणून जुने मोजे बोटं कापून घालायचे. नवरा या तासाला माझ्याबरोबर असतो. आठला त्याचं ऑफिस सुरू होतं.

अंजिराला छाटणी हवी आणि पावसाळ्यात तांबेऱ्यावर नजर हवी. 'नैसर्गिक शेती म्हणजे काहीच करायचं नाही ना?' असं विचारणाऱ्यांना मी मासानोबू फुकुओकांची गोष्ट सांगते. योकोहामाच्या कस्टम्समध्ये वनस्पती तपासणीची नोकरी होती, ती त्यांनी १९३८ साली पंचविशीत सोडली आणि गावी आले. वडिलांची संत्र्याची बाग हाती घेतली आणि निसर्गावर सोपवायची म्हणून छाटणी बंद केली. फांद्यांत फांद्या अडकल्या, कीड पडली, बाग वाळून गेली. माणसानं एकदा वळण लावलेलं झाड अचानक मोकळं सोडलं तर ते निसर्गाकडे परत जात नाही, मरतं; हे त्यांनी स्वतःच नंतर लिहिलं. 'एका काडातून क्रांती' वाचून शेतीकडे वळलेली बरीच माणसं मला भेटतात. ही पानं मात्र बहुतेकांच्या लक्षात राहिलेली नसतात.

८:१५

सासूबाई गोफण घेऊन ज्वारीत. ज्वारी मालदांडी, कणसं हुरड्याला आलेली. चिमण्या, साळुंक्या, पोपट यांना हुरड्याची तारीख आपल्याआधी कळते. आई, म्हणजे सासूबाई, लग्नानंतर पुण्याच्या चाळीत गेल्या आणि आयुष्य तिथंच गेलं, पण हात गोफण विसरले नव्हते. खडा सूं करून जातो आणि थवा उठतो.

गंमत अशी की ज्वारीला लागूनच हरभरा आहे, आणि तिथं मी पाखरांसाठी आडव्या काठ्यांचे थांबे रोवलेत. घाटेअळी खायला त्यांनी तिथं बसावं, अशी माझी इच्छा. एका वाफ्यातून हाकलायचं आणि दुसऱ्यात बोलवायचं, यावर आईंचं म्हणणं, "पाखरांना तुझा नकाशा वाचता येत नाही गं."

कामगंध सापळे मोजते. एका सापळ्यात सलग तीन दिवस आठ-दहा पतंग आले तर हालचाल करायची, असा कृषी विद्यापीठाचा ठोकताळा. आज चार, काल पाच. म्हणजे आज निंबोळी अर्क नाही. अर्काचं काम पावसाळ्याच्या तोंडालाच सुरू होतं: निंबोळ्या वेचायच्या, सुकवायच्या, कुटायच्या. पाच किलो भुकटी रात्रभर भिजवून शंभर लिटर द्रावण होतं. बाजारातलं औषध आणलं तर बाटलीवर प्रमाण लिहिलेलं असतं, रोज सकाळी पानं उलटी करून बघावी लागत नाहीत. आमच्या फवारणीत सगळ्यात जास्त वेळ जातो तो फवारणी न करण्याचा निर्णय घेण्यात.

९:३०

टेम्पोतून बायका उतरतात. आठ जणी. डोक्याला रुमाल, वरून नवऱ्याचा जुना शर्ट, पिशवीत भाकरी आणि खुरपं. आज कांदा. अर्धा एकर खुरपायला या आठ जणींना दोन दिवस लागतात आणि अशा दोन-तीन खुरपण्या होतात. तणनाशक मारलं असतं तर एक माणूस, पाठीवर एक पंप आणि एक सकाळ. सेंद्रिय भाजी महाग का, हे कुणी विचारलं तर मला लांबलचक सांगावं लागत नाही. ही दोन वाक्यं पुरतात.

मीही त्यांच्या ओळीत बसते, पण माझी सरी कायम मागे. हराळी मुळापासून निघाली पाहिजे. लव्हाळ्याची गाठ जमिनीत राहिली की आठवड्यात परत हिरवं टोक वर. बायका हात चालवत बोलत असतात: कुणाच्या पोरीचं स्थळ, कुणाचा बचत गटाचा हप्ता, जेजुरीच्या सोमवतीची गर्दी. ओळीच्या टोकाला मावशी. गाडी ठरवणं, बायका जमवणं, दर बोलणं हे सगळं त्यांच्याकडे.

"वहिनी, पलीकडं कांदा लागवडीला साडेचारशे देत्यात. उक्तं घेतलं तर त्याच्याहून जास्त पडतंय."

मी चारशे देते. दहा ते पाच, मध्ये जेवणाची सुट्टी, गाडीभाडं वेगळं.

"मग तुम्ही इकडं कशा आलात?"

"तुमच्यात औषधाचा वास न्हाई. दोघी-तिघींना तिकडं लई चक्कर यायची. पण वास न्हाई म्हणून पन्नास रुपये किती दिवस सोडायचे?"

थोड्या वेळानं मी विचारलं, "तुमच्या स्वतःच्या कांद्याचं काय?"

मावशींनी हात न थांबवता सांगितलं, "तणनाशक मारलं की पोरानं. मी इथं. घरचं खुरपायला कोण हाय?"

हे मी नीट कागदावर मांडून बघितलं आहे. माझा कांदा विषमुक्त राहतो, कारण मावशींचा दिवस मी विकत घेते. त्यांचा कांदा राहत नाही, कारण तो दिवस त्यांनी मला विकलेला असतो. शाश्वत शेतीच्या शिबिरांत माती, बी, पाणी, गाय यांवर दिवस दिवस बोलतात. खुरप्यावर एखादं वाक्य असतं, बहुधा 'तणाला शत्रू मानू नका' असं. तणाला शत्रू न मानणं ज्याच्याकडे मजुरीला पैसे आहेत त्याला सोपं जातं.

आच्छादनानं काम कमी होतं, हे खरं. अंजिरात, वांग्यात, टोमॅटोत आम्ही उसाचं पाचट अंथरतो आणि तिथं खुरपणी निम्म्यावर आली आहे. कांद्यात आणि पालेभाजीत ते जमत नाही, रोपं फार दाट. चाकाचं कोळपं आणलंय, ते दोन ओळींच्या मधलं तण घेतं. रोपाच्या बुडातलं बोटांनीच काढावं लागतं.

दुपारी १:००

जेवण. बायका चिंचेखाली, आम्ही ओसरीवर. भाकरी, घेवड्याची उसळ, मुळ्याची कोशिंबीर. ताटातलं मीठ आणि तेल सोडून सगळं घरचं, याचा मला अभिमान आहे. त्या ताटामागे नवऱ्याचा पगार आहे, हेही तितकंच खरं. शेताचा खर्च शेतातून निघतो, थोडं उरतं. मुलीची फी, विमा, गाडीचा हप्ता वरच्या खोलीतून येतं. आबा हे कधी बोलून दाखवत नाहीत, पण त्यांच्या शेताला वरची खोली नाही, हे मला दर वेळी भाव कोसळला की आठवतं.

जेवताना फोन. ओळखीच्या ओळखीतून कुणीतरी, बाणेरला राहणारे. "आम्हालाही सोडायचंय सगळं. दोन एकर बघतोय. काय सल्ला द्याल?"

माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "शेतकरी दाखला आहे का?" महाराष्ट्रात कूळ कायद्याच्या, म्हणजे १९४८च्या अधिनियमाच्या, कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आमच्या सातबाऱ्यावर सासऱ्यांचं नाव होतं, म्हणून आमचं 'शहर सोडणं' शक्य झालं. ज्यांच्या आजोबांनी जमीन विकली किंवा ज्यांच्या आजोबांना कधी जमीन मिळालीच नाही, त्यांच्यापुढे हे दार बंद असतं.

दुसरा प्रश्न पाण्याचा. एप्रिल-मेमध्ये विहिरीत किती पाणी असतं, हे विकणाऱ्याला न विचारता शेजाऱ्याला विचारा. तिसरा रस्त्याचा. बांधावरून गाडी जाते म्हणजे नकाशात रस्ता आहे असं नाही. चौथा प्रश्न मी अलीकडे वाढवला: गावात खुरपणीला बायका मिळतात का, आणि दर काय? हा ऐकून फोनवर जरा शांतता पसरते. गाय कुठली घ्यावी, हे विचारायचं त्यांच्या मनात असतं.

२:३०

काढणी. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, नवलकोल, वांगी, टोमॅटो, ओला हरभरा. चौघी कांद्यातच, चौघी माझ्याबरोबर भाजीत. मेथी उपटायची, मुळांची माती झटकायची, जुडी बांधायची. जुडी सारखी हवी. ग्राहकाला वजनात थोडं इकडंतिकडं चालतं, पण डोळ्याला सारखेपणा लागतो. पिवळं पान काढायचं, भोकाचं ठेवायचं. भोक दिसलं की पूर्वी लोक तक्रार करायचे, आता काही जण भोक नसेल तर संशय घेतात.

चाळीस पेट्या. प्रत्येक पेटीत सात-आठ प्रकारची भाजी, वर अंजिराचा छोटा पुडा, केळीच्या पानात गुंडाळलेला. नवऱ्यानं केलेली एक्सेलची यादी माझ्या हातात: कुणाला वांगं नको, कुणाला पालक दुप्पट, कुणाकडे उद्या पाहुणे. मार्केट यार्डात क्रेट उतरवला तर अडत्या तासाभरात पट्टी हातात देतो. मध्ये अडत्या नाही म्हणून सगळे खूश होतात. पण निवडणं, बांधणं, मोजणं, यादी, पैशांची आठवण, रिकाम्या पेट्या परत आणणं ही कामं कुठं जात नाहीत. ती आमच्या अंगणात येऊन बसतात. आठवड्यातला जवळपास दीड दिवस निव्वळ या कामाला जातो.

४:३०

टेम्पो दिवे घाट उतरतो. खाली मस्तानी तलाव, समोर धुरकट पुणे. आषाढी वारीत हाच घाट माउलींची पालखी चढते. एरवी चढतात सिमेंटचे मिक्सर आणि उतरतात भाजीचे टेम्पो. घाट संपला की वडकी, मग उरुळी देवाची आणि फुरसुंगी. इथं पुण्याचा कचरा येऊन पडत आला. गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. वाऱ्याची दिशा तशी असेल तर काच वर करावी लागते.

शेताच्या दृष्टीनं हा ढीग बघितला की वेगळंच दिसतं. मेथीच्या प्रत्येक जुडीबरोबर माझ्या मुरमातलं थोडं नत्र, थोडं पालाश घाट उतरतं. देठं आणि सालं कचऱ्यात, उरलेलं गटारात. सांडपाण्याचा काही भाग उपसा योजनेतून परत घाट चढतो, कचऱ्याचा चढत नाही. मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा आपल्याच आवारात जिरवावा, असा नियम २०१६ पासून आहे. आमच्या ग्राहकांच्या एका सोसायटीत तो खरोखर पाळतात. तिथून येताना मी कंपोस्टच्या गोण्या भरून घेते, अर्थात प्लॅस्टिक नाही ना हे गोणी सोडून बघितल्यावर. चाळीस घरांचं खातं त्यामुळे जुळत नाही. पण रिकामा टेम्पो घाटात चढवण्यापेक्षा बरं.

६:३०

हडपसर, मग वानवडी. गेटवर नाव, फ्लॅट नंबर, फोटो. पार्किंगमध्ये टेबल मांडते; लोक ऑफिसातून येता येता पेटी उचलतात. याच वेळेला मी कधीकाळी हिंजवडीच्या पुलावर अडकलेली असायचे, त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावरचा थकवा ओळखीचा वाटतो.

एक नवीन ताई विचारतात, "सर्टिफिकेट आहे का तुमचं?"

आहे. पीजीएसचं. त्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेताची तपासणी करतो आणि एकमेकांची जबाबदारी घेतो. निर्यातीसाठी बाहेरच्या संस्थेकडून तपासून घेण्याची वेगळी पद्धत आहे, ती आमच्या आकाराला परवडत नाही. रासायनिक शेती सोडल्यावर लगेच 'सेंद्रिय' म्हणता येत नाही. फळबागेला तीन वर्षं संक्रमणात काढावी लागतात. त्या काळात उत्पन्न घटलेलं असतं आणि भाव मात्र वाढलेला नसतो. ताईंनी लक्ष देऊन ऐकलं, मग विचारलं, "म्हणजे शेजाऱ्यांनीच शेजाऱ्याला पास करायचं?" प्रश्न रास्त आहे. मी म्हटलं, "शेजाऱ्यापासून लपवून फवारणी करून दाखवा एकदा. वास सगळ्यात आधी त्यालाच येतो." आणि कुठल्याही शुक्रवारी येऊन बघायचं आमंत्रण दिलं. खुरपं आम्ही देतो, हेही सांगितलं.

९:३०

घरी. मुलगी झोपलेली, आई टीव्हीसमोर. मी हजेरीची वही उघडते. डाव्या रकान्यात नाव, मग वार, शेवटी काम. मावशी आणि सात जणी: कांदा, काढणी. शनिवारी याच वहीवरून पैसे वाटायचे.

आई चष्म्यावरून बघत म्हणतात, "माझी गोफणीची हजेरी मांडलीस का?"

नाही मांडली. माझीही नाही. पहाटेच्या व्हॉल्व्हची नाही, पिंप ढवळल्याची नाही, सापळे मोजल्याची नाही, नवऱ्याच्या यादीची नाही. घरची माणसं वहीत घातली तर शेत तोट्यात दिसेल, म्हणून ती कुठल्याच शेतकऱ्याच्या वहीत नसतात. आबांच्या घरीही नाहीत. हमीभावाचं गणित करणारा कृषी मूल्य आयोग घरच्या मजुरीची किंमत निदान कागदावर तरी धरतो. आम्ही शहरातून आलेले, पत्रकं करण्यात हुशार, पण या रकान्यापाशी गावासारखेच वागतो.

घरच्यांचा निर्णय पुढे कधीतरी होईल. मावशींचा आज व्हायला हवा. पन्नास रुपये वाढवायचे तर आठ जणींचे दिवसाला चारशे. आठवड्याला तीन दिवस खुरपणी म्हणजे बाराशे. चाळीस पेट्यांवर वाटले की पेटीमागे तीस. पेटी साडेचारशेची चारशे ऐंशी होते. नवरा म्हणाला, "चार-पाच जण गळतील." गळतीलही. पण साडेचारशे देणारं पलीकडचं शेत फार लांब नाही, आणि मावशी गेल्या तर टोळी जाईल. मग मला दोनच वाटा राहतील: कांदा सोडायचा किंवा पंप पाठीला लावायचा. ग्राहक गेला तर दुसरा मिळतो. खुरपं धरणारा हात गेला की सेंद्रियपण त्याच आठवड्यात संपतं.

ग्राहकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं: "पुढच्या शुक्रवारपासून पेटी ४८० रुपये. वाढलेले ३० रुपये पूर्ण खुरपणीच्या मजुरीत जातील. ज्यांना थांबायचं असेल त्यांनी मोकळेपणानं सांगावं."

पाच-सहा अंगठे आले. एका काकांनी थांबतो म्हणून कळवलं. एकीनं टोमॅटो जरा कच्चे पाठवा म्हणून सांगितलं. मग वानवडीच्या आजी: "हरकत नाही गं, पण कोथिंबीर तरी फुकट ठेव. पुण्यात कोथिंबिरीचे पैसे कोणी घेत नाही."

मी वहीचं पान मागे उलटलं. कोथिंबिरीच्या वाफ्यात मंगळवारी दोन बायका होत्या, सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत. आजींना तेवढंच कळवलं आणि विचारलं, यातली कुणाची सकाळ फुकट धरू?